छपाईची चूक आणि पुस्तकाची किंमत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की जुनी पुस्तकं जमवणाऱ्या आमच्यासारख्यांचे फोन खणखणू लागतात. "आमच्याकडं एक पुस्तक आहे, त्यात चाळिसावं पान उलटं छापलंय. किती येतील?" दरवर्षी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं इथं लिहून ठेवतो.

पुस्तकात छपाईची चूक सापडली. त्यानं किंमत वाढते का?

शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा नाही. बरेचदा उलट घटतेच.

आपल्याकडं मुद्रणदोषाला 'मुद्राराक्षसाचा प्रताप' म्हणतात. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकात मुद्रा म्हणजे अंगठी आणि राक्षस म्हणजे नंदांचा अमात्य. मराठी छापखान्यांनी त्याला सरळ खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांत, बसणारं भूत करून टाकलं. हे भूत प्रत्येक पुस्तकात असतं. 'घ'चा 'ध' होतो, 'म'चा 'भ' होतो आणि 'शत्रूवर मात केली'ऐवजी शत्रूवर भात शिजतो. हजार प्रतींमध्ये हजार वेळा भातच असेल, तर तुमच्या प्रतीत वेगळं काय आहे?

चूक पाहिली की मी तीन गोष्टी विचारतो. ती पुढं सुधारली गेली का? सुधारण्याआधी किती प्रती बाहेर पडल्या? आणि मुळात हे पुस्तक कुणाला हवं आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर पहिल्या दोन प्रश्नांवर चहा गार करण्यात अर्थ नाही.

पण उलट्या छापलेल्या टपाल तिकिटाला तर लाखो रुपये मिळतात!

मिळतात, आणि गैरसमजाची मुळी तिथंच आहे. कलकत्त्यात १८५४ साली छापलेल्या चार आण्यांच्या तिकिटात लाल चौकट आणि निळं राणीचं डोकं वेगवेगळं छापलं जाई. काही कागद उलटे गेले आणि व्हिक्टोरिया राणी डोक्यावर उभी राहिली. अमेरिकेत १९१८ साली २४ सेंटच्या तिकिटावर विमान उलटं छापलं गेलं. बाहेर पडला तो १०० तिकिटांचा एकच ताव.

तिकीट म्हणजे एक चित्र. चूक झाली की ती चूक हाच त्याचा चेहरा. शिवाय सरकारी छपाईची तपासणी कडक, त्यामुळं निसटलेलं थोडंच असतं. पुस्तक तीनशे पानांचं. त्यातलं एक अक्षर हललं तर वाचणारालाही कळत नाही. तिकीटवाल्यांचा हिशेब पुस्तकाला लावलात की फसलात.

मग काही इंग्रजी पुस्तकांच्या यादीत 'अमुक पानावर अमुक चूक हवी' असं का लिहिलेलं असतं?

कारण तिथं चूक ही जन्मखूण आहे. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात याला 'पॉइंट' म्हणतात. पहिली छपाई कोणती आणि नंतरची कोणती हे त्या चुकीवरून ओळखतात. पैसे पहिल्या छपाईचे मिळतात. चूक नुसती साक्षीला उभी असते.

स्कॉट फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' १० एप्रिल १९२५ रोजी आली. पहिल्या मुद्रणाच्या २०,८७० प्रती. त्यात २०५व्या पानावर 'सिकँटायर्ड' (म्हणजे बोलीतलं 'सिक अँड टायर्ड') याच्या जागी 'सिक इन टायर्ड' असं पडलं आहे. ऑगस्टमध्ये ३,००० प्रतींचं दुसरं मुद्रण निघालं, तेव्हा ते दुरुस्त झालं. म्हणजे 'इन' दिसलं की पहिलं मुद्रण. याच पुस्तकावर गुंडाळलेल्या कागदी वेष्टनावर, मागच्या बाजूला, 'जे गॅट्सबी'मधला 'जे' चुकून छोटा पडला होता. तो नंतर मोठा करून घेतला, काही प्रतींवर तर हातानं शाई लावून. वेष्टन शाबूत असलेली प्रत आणि नसलेली प्रत यांच्या किमतीत दादर आणि डोंबिवलीच्या फ्लॅटइतकं अंतर असतं. 'इन' मात्र दोन्हींत तेच.

हेमिंग्वेच्या 'द सन ऑल्सो रायझेस'मध्ये, १९२६ साली, १८१व्या पानावर 'स्टॉप्ड' या शब्दात दोनाऐवजी तीन 'पी' पडले. आज विकणारा प्रत उघडतो ती थेट त्या पानावर.

माझ्याकडच्या हॅरी पॉटरमध्ये 'एक कांडी' दोनदा छापलंय. लॉटरी लागली का?

हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिलं पुस्तक ब्लूम्सबरीनं १९९७ साली काढलं. पुठ्ठाबांधणीच्या फक्त ५०० प्रती, त्यातल्या बऱ्याचशा वाचनालयांना गेल्या. ५३व्या पानावर शाळेच्या सामानाची यादी आहे, तिच्यात 'एक कांडी' वरही आहे आणि खालीही. मलपृष्ठावर पुस्तकाच्या नावातल्या 'फिलॉसॉफर्स' या शब्दातला एक 'ओ' गळला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्समध्ये अशी एक प्रत ४,७१,००० डॉलरना गेली. बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि घरोघरी कांड्या मोजायला सुरुवात झाली.

आता खरी गोष्ट. तीच दुहेरी कांडी पहिल्या कागदी बांधणीच्या प्रतींतही आहे, आणि त्यांची किंमत पुठ्ठ्याच्या प्रतींच्या जवळपासही फिरकत नाही. चूक तीच, भाव वेगळा. तेव्हा आधी कांडी सोडा आणि मुद्रणहक्काचं पान उघडा. तिथं १० पासून १ पर्यंत आकड्यांची उतरती ओळ हवी आणि तिच्यात शेवटचा १ शाबूत हवा, कारण पुढच्या मुद्रणाला तो काढून टाकतात. लेखिकेचं नाव 'जोॲन रोलिंग' असं पूर्ण असायला हवं. बांधणी पुठ्ठ्याची हवी. तुमचं पुस्तक २००१ नंतर, सिनेमा पाहून घेतलेलं असेल, तर ते मुलांना वाचायला द्या. सुखी व्हाल.

चूक कुणी मुद्दाम केली असेल तर?

मग गोष्ट रंगते. मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'च्या अमेरिकी आवृत्तीत २८३व्या पानावर ई. डब्ल्यू. केंबल यांचं एक चित्र आहे. सायलस काका उभा आहे, काकू शेजारी. छापखान्यातल्या कुण्या टवाळानं ठशावर हात चालवला आणि काकांच्या पँटीला असं काही जोडलं की ते घरात दाखवण्यासारखं राहिलं नाही. पुस्तक दारोदार फिरून विकायचं होतं आणि विक्रेत्यांना दिलेल्या नमुन्यात हे चित्र गेलं होतं. तिथं कुणाच्या तरी नजरेस ते पडलं. गुन्हेगार शोधून देणाराला ५०० डॉलरचं बक्षीस जाहीर झालं. तो काही सापडला नाही. तयार प्रतींतून ते पान कापून दुरुस्त पान चिकटवावं लागलं, १८८४चा नाताळ हुकला आणि पुस्तक अमेरिकेत १८८५च्या फेब्रुवारीत आलं.

म्हणून आजही जाणकार ते पान हलकेच वाकवून मुळाशी बघतात : पान शिवणीतून आलंय, की कापलेल्या पट्टीला डकवलंय? याच पुस्तकात ५७व्या पानावर 'सॉ' म्हणजे करवतीची अक्षरं उलटून 'वॉज' झालं आहे. ती नुसती खिळे जुळवणाऱ्याची डुलकी. पण पहिल्या छपाईची ओळख पटवायला तीही कामाला येते.

एकाच छपाईतल्या दोन प्रती वेगळ्या कशा असू शकतात?

खिळ्यांच्या काळात यंत्र चालू असतानाच मालक प्रूफ बघत असे. चूक दिसली की यंत्र थांबवायचं, खिळा बदलायचा, पुढं चालू. आधी छापलेले ताव फेकायचे नाहीत, कारण कागद महाग. शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठ्या आकारातला १६२३चा संग्रह, म्हणजे 'पहिला फोलिओ', असाच तयार झाला. चार्ल्टन हिनमन यांनी वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातल्या ५५ प्रती ताडून पाहिल्या, त्यासाठी दोन पानं एकावर एक दिसतील असं यंत्रही बनवलं.

मराठीत याचा एक घरगुती नमुना आहे. रफार, वेलांटी, अनुस्वार हे नाजूक अवयव. दाब पडून पडून ते तुटत. त्यामुळं एकाच पुस्तकाच्या एका प्रतीत 'गर्व' असतो आणि दुसरीत रफार उडून 'गव' उरतो. बघायला मजा येते, पण याचे जास्तीचे पैसे मला कुणी दिल्याचं आठवत नाही.

सगळ्यात प्रसिद्ध चूक कोणती?

१६३१ साली लंडनमध्ये राजाचे मुद्रक रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकस यांनी बायबल छापलं. दहा आज्ञांपैकी एकीतला 'नको' गळला आणि आज्ञा झाली : व्यभिचार कर. ३०० पौंड दंड झाला, प्रती गोळा करून नष्ट करायचा हुकूम निघाला. वाचलेल्या थोड्या प्रतींना आज जो मान आहे, तो चुकीइतकाच त्या हुकमामुळं आहे.

१७१७ साली ऑक्सफर्डला जॉन बास्केटनं छापलेल्या देखण्या बायबलात 'द्राक्षमळ्या'च्या दाखल्याऐवजी 'व्हिनेगर'चा दाखला पडला. बाकीही चुका इतक्या, की लोक त्याला 'बास्केटभर चुका' म्हणू लागले. हेही जमवतात, पण तिकडं कुणी प्रती जाळल्या नव्हत्या, त्यामुळं भावात फरक पडतो.

पानं उलटी बांधली आहेत, काही पानं दोनदा आली आहेत, काही कोरी आहेत. हे दुर्मीळ नाही का?

दुर्मीळ असेल, पण हवंय कुणाला?

पुस्तक फर्म्याफर्म्यानं बांधतात, साधारण सोळा पानांचा एक फर्मा. बांधणाराचा हात चुकला की एक फर्मा दोनदा येतो. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मी एकदा एक रहस्यकथा घेतली. ९७ ते ११२ ही पानं दोनदा. 'वा, काहीतरी वेगळं मिळालं' म्हणून खुशीत घरी आलो. रात्री वाचायला बसलो तेव्हा कळलं, की दुसऱ्यांदा आलेल्या फर्म्यानं ११३ ते १२८ या पानांची जागा खाल्ली होती. नेमका खुलासा तिथंच असावा, कारण १२९व्या पानावर इन्स्पेक्टर चहा पीत होता आणि खुनी कोठडीत होता. तो कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

अशी प्रत म्हणजे अपुरी प्रत. दुकानदार बदलून देतो, संग्राहक हात लावत नाही. जादा फर्मा दिसला की आधी पानांचे आकडे सलग लागतात का ते बघा.

बाजूच्या कडा न कापलेली, जोडलेली पानं मात्र दोष नव्हे. जुन्या पुस्तकांत ती तशीच येत, वाचकानं सुरीनं फाडायची. इतकी वर्षं कुणी फाडली नसतील तर तुम्हीही घाई करू नका.

कॉमिक्सचं काय? तिथं चुकीला जास्त मान आहे म्हणतात.

थोडा आहे. अमेरिकी कॉमिक्स स्वस्त कागदावर, घाईत, लाखांनी छापली जात. वाकडी कापलेली, मुखपृष्ठ सरकलेली, पिना भलतीकडं बसलेली प्रत ही नित्याची गोष्ट, आणि तिची प्रतवारी सहसा खालीच येते. अपवाद दुहेरी मुखपृष्ठाचा. यंत्रातून दोन मुखपृष्ठं एकदम ओढली गेली आणि एकाच अंकाला बसली, तर बाहेरचं मुखपृष्ठ मार खातं आणि आतलं कोरं करकरीत राहतं. ही प्रत लोक आवडीनं घेतात.

किमतीचा फरक ही चूक नव्हे, हेही सांगून ठेवतो. मार्व्हलनं १९७६ आणि १९७७ साली काही मोजक्या शहरांत किंमत पाच सेंट वाढवून चाचपणी केली. १९७७चा 'स्टार वॉर्स'चा पहिला अंक ३० सेंटचा, पण थोड्या प्रतींवर ३५ छापलं आहे. त्या ३५वाल्या प्रतींना फार मोठा भाव आहे. मात्र त्याच अंकाच्या पुनर्मुद्रणांवरही ३५ आहे, त्यामुळं नुसता आकडा बघून खिशात हात घालू नका.

प्रकाशकानं मागे घेतलेला अंक म्हणजे काय?

बायबलाच्या गोष्टीचा हा विसाव्या-एकविसाव्या शतकातला भाऊ. डीसी कंपनीनं २००० साली 'लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन'चा पाचवा अंक छापून झाल्यावर लगद्यात घातला, कारण आत एक जुनी खरीखुरी जाहिरात होती आणि त्या न्हाणीघरातल्या वस्तूचं नाव नेमकं 'मार्व्हल' होतं. स्पर्धकाचंच नाव!

२००८ साली बॅटमनच्या एका मालिकेच्या दहाव्या अंकात शिव्यांवर काळ्या पट्ट्या टाकल्या होत्या. शाईत गडबड झाली आणि पट्टीखालून शिवी स्वच्छ वाचता येऊ लागली. ही शंभर नंबरी छपाईची चूक. अंक परत मागवला, पण तोवर काही दुकानांतून गेला होता. १९९९चा 'एल्सवर्ल्ड्स'चा ८० पानी अंक अमेरिकेत नष्ट झाला, पण काही गठ्ठे आधीच इंग्लंडला रवाना झाले होते, त्यामुळं तिकडच्या वाचकांचं नशीब फळफळलं.

या तिन्हींत भाव आला तो टंचाईमुळं आणि त्या मालिकांना आधीच वाचक होते म्हणून.

रंग चुकले तर?

रंग सरकणं, म्हणजे लाल एकीकडं आणि ओठ दुसरीकडं, याला काही किंमत नाही. पण रंगाच्या घोळानं दोन नायकांची कातडी मात्र कायमची बदलली.

हल्कचा पहिला अंक १९६२चा. त्यात तो करडा आहे. चार शायांच्या छपाईत करडा हा सगळ्यात लबाड रंग. सगळ्या शाया अगदी तोलून पडाव्या लागतात, एक जरा वरचढ झाली की छटा पालटते. एकाच अंकात हल्क एका पानावर फिका, दुसऱ्यावर जवळजवळ काळा दिसू लागला. लेखक स्टॅन ली यांनी दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केला. पहिला अंक महाग आहे, पण तो पहिला आहे म्हणून.

आणि आपला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम! त्याचे जनक ली फॉक यांच्या मनात त्याचा पोशाख करडा होता. १९३९ साली रविवारची रंगीत पानं सुरू झाली तेव्हा छापणाऱ्यांनी तो जांभळा केला, आणि जांभळाच राहिला. जंगलात लपायला जांभळा पोशाख हे कोडं लहानपणी मला फार छळायचं. उत्तर छापखान्यात होतं.

गोष्टीतल्या चुका धरतात का?

नाही. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १९६३च्या पहिल्या अंकात पीटर पार्करला एके ठिकाणी पीटर पामर म्हटलं आहे. तो घोळ लेखनातला आणि सगळ्या प्रतींत सारखाच.

इंद्रजाल, चांदोबा, अमर चित्र कथा : आमच्या माळ्यावरचं हेच आहे. यात चुका शोधू का?

चुका नका शोधू, दुसरं बघा. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक मार्च १९६४चा, मालिका १९९० साली बंद झाली. मराठीतले सुरुवातीचे अंक चांगल्या अवस्थेत मिळणं अवघड, कारण आपण ते वाचून, देऊन, शेवटी रद्दीत घालून मोकळे झालो. उरले ते बहुतेक फिरत्या वाचनालयांचे. दहा-दहा अंक एकत्र, दोऱ्यानं आडवे शिवलेले, कडा कापून सारख्या केलेल्या, प्रत्येक पानावर जांभळा शिक्का. असा गठ्ठा उसवून सुटे अंक करायच्या भानगडीत पडू नका. भोकं आणि कापलेल्या कडा परत येत नाहीत.

अमर चित्र कथा पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या. जुनी छपाई ओळखायला मुखपृष्ठावरची किंमत, मागची जाहिरात आणि प्रकाशकाचा पत्ता बघा. मधलं पान आणि दोन्ही पिना जागेवर हव्यात. मुलांनी सोडवलेलं शब्दकोडं, कापलेलं कूपन यानं भाव पडतो. अमेरिकेतही हेच : १९७४च्या हल्कच्या १८१व्या अंकातलं छोटं चौकोनी चित्र कापलेलं निघालं की घेणारा उठून जातो.

मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती ओळखायची कशी?

आकड्यांची उतरती ओळ आपल्याकडं नसते. शीर्षकपानाची मागची बाजू बघा. पुष्कळदा आवृत्त्यांची यादीच असते, पण 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' हे शब्द आपले प्रकाशक ढिलाईनं वापरतात. जुन्या पुस्तकांवर फक्त शक असतो. त्यात ७८ मिळवा, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचा काळ असेल तर ७९. शके १८४० म्हणजे १९१८-१९.

शंका राहिली तर शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडायची. १८०० पासून १९५० पर्यंतची पुस्तकं त्या माणसानं नोंदवून ठेवली आहेत. मग मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा ठाण्याच्या संग्रहालयात दुसरी प्रत असेल तर शेजारी ठेवून ताडून बघा. दुसरी प्रत न बघता 'ही चूक फक्त माझ्याच प्रतीत आहे' असं म्हणू नये.

आणि शुद्धिपत्र, म्हणजे छापून झाल्यावर सापडलेल्या चुकांची यादी! जुन्या पुस्तकांत शेवटी किंवा सुटी चिठ्ठी म्हणून ते असे. लोकांना वाटतं कचरा आहे. ती चिठ्ठी पुस्तकाचा भाग आहे, हरवली तर प्रत अपुरी.

आजोबांनी चुका पेनानं दुरुस्त केल्या आहेत. खोडू का?

अजिबात नको. खोडलं की कागद जातो. आणि आजोबा खुद्द लेखक असतील, तर आधी मला फोन करा.

चुकीच्या नकली प्रती निघतात का?

निघतात. हुबेहूब प्रतिकृती काढताना जुनं पान जसंच्या तसं छापतात, तेव्हा चूकही जशीच्या तशी उतरते. नुसती चूक दाखवून 'पहिली आवृत्ती' म्हणून गळ्यात मारणारे आहेत. कागदाचा वास, बांधणी, वेष्टनाच्या घड्या, मागचा मजकूर हे सगळं बघायचं. नवं वेष्टन जुन्या पुस्तकावर चढवण्याचा उद्योग तर फार जुना.

फुटपाथवरच्या चोरट्या छपाईत पानं तिरकी आणि अक्षरं पुसट असतात, तो मुद्राराक्षस नव्हे, ती सरळ चोरी.

विकायचं कुठं? ऑनलाइन एकजण लाखभर देतो म्हणतोय, फक्त आधी 'नोंदणी फी' मागतोय.

फोन ठेवा. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावानं अशीच फी उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ साली लोकांना सावध केलं होतं. आता तोच डाव पुस्तकांवर चालतो. खरा घेणारा आधी फोटो मागतो : मुखपृष्ठ, शीर्षकपान, त्याची मागची बाजू, कणा आणि चूक असलेलं पान. फोटो उजेडात काढा, पान दाबून सपाट करू नका, आणि चुकीभोवती पेन्सिलीनं गोल तर मुळीच नको. गेल्या वर्षी एकांनी तो लाल बॉलपेननं करून पाठवला होता.